खिडकीपाशी धरलेलं मूल

“मूल जन्माला येतं तेव्हा त्याला रंग नसतो, साहेब. तो सातव्या दिवशी येतो, आणि माझा कागद सहाव्या दिवशीच भरून झालेला असतो.”

असं न्हा दिना एकदा नगरपालिकेतल्या एका आयरिश कारकुनाला म्हणाली होती. कारकून हसला, त्यानं शिक्का मारला, आणि पुढची पंचवीस वर्षं तिला त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.

तिचं पुरतं नाव लिओपोल्दिना फोर्तेस. ‘न्हा’ हे मानाचं. आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या केप व्हर्द बेटांवरून आलेल्या लोकांत वडीलधाऱ्या बाईला नुसत्या नावानं हाक मारण्याची रीत नाही. १९१९ साली ती ब्रावा बेटावरून शिडाच्या जहाजानं अमेरिकेतल्या या शहराच्या धक्क्याला लागली. तेव्हा ती सोळा वर्षांची होती, सोबत मोठा भाऊ होता. धक्क्यावर टेबल टाकून बसलेल्या सरकारी माणसानं आधी भावाकडे पाहिलं आणि लिहिलं, ‘पोर्तुगीज’. मग तिच्याकडे पाहिलं आणि लिहिलं, ‘आफ्रिकन, काळी’. एका आईच्या पोटची दोघं. भाऊ सगळी सफर आजारी होता, जहाजाच्या पोटात पडून पडून फिकट झाला होता. ती सहा आठवडे वर उन्हात बसून दुसऱ्यांचे कपडे वाळवत होती. फरक एवढाच. त्या माणसाच्या हातात साधी शिसपेन्सिल होती, दातांनी चावलेली. एवढी मोठी गोष्ट एवढ्या लहान वस्तूनं लिहिता येते, हे दिनाच्या मनात रुतून बसलं. भाऊ पुढे गिरणीत लागला. तिला गिरणीच्या दारातूनच परत पाठवलं.

ती लिहा-वाचायला शिकली, आणि गल्लीतल्या एका म्हाताऱ्या दाईच्या हाताखाली बाळंतपणं करायला शिकली. कायद्यानं दाईला मान्यता नव्हती. पण गिरणीच्या टेकडीवर एक फ्रेंच डॉक्टर राहत असे, त्याला आमच्या बेटांच्या लोकांच्या गल्ल्यांतले जिने चढायचा कंटाळा. तो कोऱ्या जन्मदाखल्यांवर सह्या करून गठ्ठाच तिच्याकडे देऊन ठेवी. बाकीचं सगळं दिना भरायची. नाव, आईचं नाव, बापाचा धंदा. बापाचं जन्मस्थान: पोर्तुगाल. ते खोटंही नव्हतं. बेटांवर तेव्हा पोर्तुगालचंच राज्य होतं. आणि त्याच्या खालची ओळ, वंश. तिथे ती न थांबता लिहायची: गोरा. मुलगी असली तर गोरी.

तिला दिसत नव्हतं असं नाही. मूल हातात आलं की ती आधी त्याला खिडकीपाशी धरायची. नवजात पोर कुणाचंही असो, गुलाबीच असतं. पण कानाच्या वरच्या कडेला आणि नखांच्या मुळाशी त्याचा पुढचा रंग आधीच येऊन बसलेला असतो. दिना कान उलटून बघायची आणि मनाशी ठरवायची. या पोराचं काय होणार, हे त्या कडेवरून तिला अख्खं कळायचं: हा कुठल्या रस्त्यावर घर भाड्यानं घेऊ शकेल, कुठला न्हावी याचे केस कापील, इस्पितळात याला कुठल्या टोकाची खाट मिळेल. मग ती पोराला आईजवळ द्यायची आणि टेबलाशी बसून कागद भरायची.

सातव्या रात्री घरोघर राखण असे. माणसं जमून गात, बाळाच्या उशाखाली कात्री ठेवत, चेटकिणींना शिव्या घालत. दिना त्या राखणीला पाव तास बसून निघून यायची. चेटकिणींसाठी एवढी माणसं होती. टेबल टाकून बसणाऱ्या माणसासाठी तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

अशी तीनशे अकरा मुलं.

शहर लाखभर वस्तीचं. उत्तरेला अझोर्सचे गोरे पोर्तुगीज, अंगणात द्राक्षाचे मांडव आणि कोबीच्या पानांचे वाफे. टेकडीवर फ्रेंच. पोलिसांत आणि नगरपालिकेत आयरिश. बंदराला लागून आमची बेटांची माणसं, आणि त्यांच्या पश्चिमेला दक्षिणेकडून आलेले काळे अमेरिकन. उत्तरेकडचे आम्हाला त्यांच्या क्लबात घेत नसत. पश्चिमेकडचे म्हणत, “या, या, तिकीट काढून आलेले पोर्तुगीज आले.” आमची म्हातारी माणसं या टोमण्यानं दुखावत नसत, उलट खूश होत. आपण साखळ्यांत आलो नाही, तिकीट काढून आलो, हे ती पोरांना जेवताना सांगत. दिनानंही सांगितलं. पुढे तिला त्याची लाज वाटली, पण तोवर पोरं मोठी झाली होती.

कागदानं थोडं काम केलं, थोडं नाही. तिच्या पोटच्या दोघांच्या बाबतीत ते दोन्ही झालं. त्यांचे दाखलेही तिनंच भरले, बाळंतिणीच्या खाटेवर उठून बसून. मुलगा अंतोनियो, तो तिच्यावर गेलेला. लष्करानं त्याचा कागद बघून त्याला गोऱ्यांच्या तुकडीत पाठवलं. तिथल्या सार्जंटनं तोंड बघून काळ्यांच्या तुकडीत पाठवलं. काळ्यांनी कागद बघून विचारलं, “तू हेर आहेस का?” तो परत आला तेव्हा फारसा बोलत नसे. गोदीत लागला, लग्न केलं, एक पोरगा झाला आणि पस्तिसाव्या वर्षी क्रेनखाली गेला. मुलगी लिदिया मामावर गेलेली. तिनं कागद घेतला आणि सरळ उत्तरेला चालत गेली. तिथे तिनं मेदेइरोस नावाच्या बेकरीवाल्याशी लग्न केलं. आईला ती रविवारी दुपारी भेटायला येई, एकटीच. मुलाच्या, केविनच्या, बाळंतपणाला तेवढी ती आईकडे येऊन राहिली होती.

अंतोनियोचा पोरगा अनिबाल दिनानंच वाढवला. तिच्या हातून जन्मलेलं ते शेवटचं मूल. १९५४ चा ऑगस्ट. तोपर्यंत बायका इस्पितळात जायला लागल्या होत्या. पण त्या सकाळी मोठं वादळ आलं, बंदरातल्या बोटी रस्त्यावर येऊन पडल्या, तारा तुटल्या. सुनेला घरीच कळा सुरू झाल्या. दुपारी वारा पडला. आभाळ असं धुऊन निघालं की आयुष्यात तसा उजेड दिनानं पुन्हा पाहिला नाही. झाडांची पानं गळून गेली होती, समोरच्या घराचं छप्पर उडालं होतं, आणि मधे काहीच नसल्यानं समुद्राचा उजेड थेट स्वयंपाकघरात येत होता. त्या उजेडात तिनं अनिबालला खिडकीपाशी धरलं. त्याच्या कानाची कडा पाहायला उलटावीही लागली नाही.

ही गोष्ट अनिबालला तिनं शंभरदा सांगितली होती. इतर पोरं राखणीच्या रात्री गाण्यात सापडली, तू उजेडात सापडलास. लहानपणी ताप आला की तो तीच मागायचा. “आजी, उजेडाची सांग.”

आता तो बावीस वर्षांचा होता आणि त्याला अग्निशामक दलात जायचं होतं.

शहराच्या दलात दोनशेच्या वर माणसं, त्यांत बेटांचा एक आणि काळे अमेरिकन दोन. कोर्टानं शहराला सांगितलं की पुढच्या भरतीत इतक्या जागा अल्पसंख्याकांना द्या. अनिबाल परीक्षेत नववा आला. यादी लागली तेव्हा त्याचं नाव गोऱ्यांच्या यादीत होतं, आणि तिथे नववा म्हणजे कुठेच नाही. तो चौकशीला गेला. खिडकीतल्या माणसानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा दाखल्याकडे, आणि म्हणाला, “मी काय करू, राजा? इथे लिहिलंय.” मित्रांना हसायला विषय मिळाला. “शहरातला सगळ्यात काळा गोरा” म्हणून ते त्याला कोपऱ्यावर हाका मारू लागले. बेटं आदल्या वर्षीच स्वतंत्र झाली होती, पोरं नवा झेंडा खिडकीत लावत होती आणि बापांशी भांडत होती. अनिबालच्या खिडकीतही झेंडा होता.

दाखला बदलायचा तर ज्यानं भरला त्यानं येऊन शपथेवर सांगायला हवं होतं. डॉक्टर मरून गेला होता. अक्षर दिनाचं होतं.

आणि तिच्याजवळ वही होती.

हिरव्या पुठ्ठ्याची, किराणा दुकानातली. कागदावर ती जे लिहायची नाही ते वहीत लिहायची, कारण खरं कुठेतरी ठेवायला हवं, असं तिला वाटे. तीनशे अकरा ओळी. क्रमांक, आईचं नाव, आणि कानाच्या कडेचा रंग, तिच्या स्वयंपाकघरातल्या शब्दांत: दूध घातलेली कॉफी. बिनदुधाची कॉफी. भाजलेला मका. काकवी. पातळ काकवी. शेळीच्या चीजची साल. कुणाला दाखवावी म्हणून ती लिहिली नव्हती. अनिबालला मात्र लहानपणी तिनं त्याची ओळ दाखवली होती: ‘३११. वादळ. काकवी, जुनी, तळाची.’

त्या रविवारी लिदिया आली. पावाची पिशवी टेबलावर ठेवून कोट न काढताच बसली. दिना ताटात तांदूळ आणि घेवड्याच्या दाण्यांची खिचडी वाढत होती. अनिबाल दाराला टेकून उभा.

“कोट काढ की,” दिना म्हणाली. “का कुणी बघेल म्हणून?”

“आई, सुरू नको करूस.” लिदियानं वर पाहिलं. “उद्या जाणार आहेस म्हणे नगरपालिकेत.”

“तुला कुणी सांगितलं?”

“बेकरीत सगळं कळतं. तू वही नेणार आहेस?”

“नेणार,” अनिबाल म्हणाला.

“तुला नाही विचारलं.”

“आत्या, माझा कागद आहे तो.”

“तुझी एक ओळ आहे, रे. बाकीच्या तीनशे दहा काय करायच्या? माझा केविन कितवा? दोनशे अठ्ठ्याण्णव ना, आई? जूनमध्ये लग्न आहे त्याचं. मुलीचा बाप पोलिसात आहे. ती वही एकदा नगरपालिकेत गेली की कारकून उलटून बघणार नाहीत? या शहरात दुसरं काय करतात लोक?”

“मग बघू दे,” अनिबाल म्हणाला. “केविनला कळू दे त्याची आजी कोण आहे. त्यानं कधी पाहिलीय तिला? ती मेली की कोण म्हणून येणार तुम्ही, पाववाले?”

 लिदियानं पावाच्या पिशवीच्या तोंडाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

“तुला वाटतं मला सोपं गेलं,” ती हळू म्हणाली. “वीस वर्षं मी उन्हात बसलेली नाही. उन्हाळ्यात सगळे समुद्रावर जातात, मी डोकं दुखतंय म्हणते. तुला नोकरी हवी आहे, मिळो. पण माझ्या घराचं छप्पर काढून नको.”

“आणि मी काय करू? जन्मभर मासळीच्या कारखान्यात मासे कापत बसू?”

“आई, तू बोल.”

 दिनानं तिघांची ताटं वाढली. कुणी खाल्लं नाही. तिला एवढंच दिसत होतं की तिनं दोघांना एकच वस्तू दिली होती. एकीनं ती पांघरून घेतली होती, दुसऱ्याला तिच्यात श्वास घेता येत नव्हता. आणि आता दोघंही तिची टोकं धरून ओढत होती.

लिदिया जाताना दारात म्हणाली, “जाळून टाक ती.” मग आईच्या गालाला गाल लावून, जिन्यात आधी डोकावून, खाली उतरली.

सोमवारी सकाळी दिनानं काळा कोट घातला, टोपी घातली आणि वही पिशवीत ठेवली. अनिबालनं ती ठेवताना पाहिली, आणि रस्ताभर तो तिच्या कोपराला धरून चालला. बर्फ वितळून कडेला काळं झालं होतं.

जन्ममृत्यूच्या खिडकीमागे श्रीमती रापोझो बसत. पंचेचाळिशीच्या, नीटनेटक्या, उत्तरेच्या चर्चमध्ये दर रविवारी पहिल्या बाकावर. सगळं शहर त्यांना अझोर्सच्या समजत असे. दिना कुठलंही काम असो, ती खिडकी टाळायची. कर भरायला गेली तरी दुसऱ्या जिन्यानं. दिनाच्या वहीत त्या एकशे सव्विसाव्या होत्या. पातळ काकवी. त्यांची आई त्यांना तीन महिन्यांची घेऊन उत्तरेला राहायला गेली आणि परत फिरकली नाही. मुलीला काही ठाऊक आहे की नाही, हे दिनाला माहीत नव्हतं.

“बसा,” श्रीमती रापोझो म्हणाल्या. अनिबालचा अर्ज त्यांनी वाचला. “दाखला तुम्ही भरलात?”

“अक्षर माझं आहे.”

“आणि वंशाच्या ओळीत चूक झाली, असं तुमचं म्हणणं.”

दिनानं पिशवी मांडीवर जवळ ओढली.

“चूक झाली असं लिहावं लागतं,” त्या म्हणाल्या. “माहीत असून लिहिलं, असं म्हणता येत नाही. तसं म्हटलंत तर तो गुन्हा होतो, आणि मग मला तुमच्या अक्षरातले सगळे कागद बाहेर काढावे लागतील. पण नुसतं चूक म्हणूनही भागत नाही. आजकाल कोणीही येऊन काहीही म्हणतं. गेल्या आठवड्यात दोन आयरिश भाऊ आले होते, पणजी रेड इंडियन होती म्हणून. पुरावा लागतो, नाहीतर कारण.”

“पुरावा आहे,” अनिबाल म्हणाला.

दिनानं त्याच्या हातावर हात ठेवला. त्यानं तो काढला नाही, पण थांबलाही नाही.

“आजीची वही आहे. जन्माच्या दिवशीच लिहायची ती. प्रत्येकाचा रंग आहे त्यात. तिच्या पिशवीत आहे आत्ता.”

श्रीमती रापोझोंची पेन्सिल थांबली. मागे कुठेतरी टाइपरायटर चालू होता, तो चालूच राहिला. त्यांनी डावा हात उचलला आणि कानामागे सारलेले केस हळूच पुढे ओढून कानावर घेतले. ते करताना त्या दिनाकडेच पाहत होत्या. तेव्हा दिनाला कळलं, की त्यांना ठाऊक आहे. पहिल्यापासून ठाऊक असावं. आणि पंचवीस वर्षं त्या याच खिडकीत बसून याच सकाळची वाट पाहत होत्या.

“वही आहे?” त्यांनी विचारलं. आवाज सरकारीच होता, पण जरा खाली आलेला.

“नाही,” दिना म्हणाली.

“आजी.”

“पोरगा लहानपणचं काहीतरी सांगतोय. वही-बिही नाही.”

“आजी, मी पाहिलीय ती. सकाळी ठेवलीस तू.”

“प्रार्थनेचं पुस्तक आहे ते.”

अनिबालनं पिशवीकडे पाहिलं. हात घातला असता तर त्याला कुणी अडवलं नसतं. त्यानं घातला नाही.

श्रीमती रापोझोंनी अर्ज पुन्हा जवळ ओढला आणि जन्मतारखेवर बोट ठेवलं. “एकतीस ऑगस्ट चौपन्न,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी वादळ होतं, नाही का? मला आठवतं. सगळ्या शहराचे दिवे गेले होते.”

“गेले होते.”

“मग अंधार असेल.”

दिना त्यांच्याकडे पाहत राहिली.

“दिवे नव्हते, अंधारात मुलाचा वंश नीट दिसला नाही, म्हणून चूक झाली,” श्रीमती रापोझो सावकाश म्हणाल्या, एखाद्याला रस्ता समजावून सांगावा तसं. “एवढं लिहिलंत तर पुरेल. एकाच दिवसाची गोष्ट. बाकी काही काढावं लागणार नाही मला. याचं काम होईल.”

“अंधार नव्हता,” अनिबाल म्हणाला. आता तो खिडकीतल्या बाईशी नाही, आजीशी बोलत होता. “तू मला काय सांगायचीस? एवढा उजेड पुन्हा पाहिला नाही म्हणायचीस. सांग ना यांना. मला खिडकीपाशी धरलं होतंस.”

दिनानं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कानाची कडा तिच्या डोळ्यांसमोर होती, बावीस वर्षं जुनी, आणि जशी होती तशीच. त्याला नोकरी हवी होती आणि खरंही हवं होतं; दोन्ही एका कागदावर मावत नव्हतं, हे त्याला अजून कळलं नव्हतं. तिला धक्क्यावरच्या टेबलापाशीच कळलं होतं.

“पेन द्या,” ती म्हणाली.

श्रीमती रापोझोंनी काचेखालून पेन सरकवलं. दिनानं टोपी जराशी मागे सारली आणि लिहायला घेतलं. तिचं अक्षर अजून ठसठशीत होतं. वादळ होतं. दिवे नव्हते. अंधार होता. मला दिसलं नाही. चूक झाली. खाली तिनं पुरतं नाव घातलं आणि पेनाचं टोपण नीट बसवून ते परत काचेखालून आत ढकललं.

श्रीमती रापोझोंनी जुना दाखला काढला, एक शब्द खोडला, वर दुसरा लिहिला, शिक्का मारला. याला एक मिनिटही लागलं नाही. शाई वाळावी म्हणून त्यांनी कागदावर फुंकर घातली आणि अनिबालपुढे धरला. “अभिनंदन,” त्या म्हणाल्या, मग तो शब्द इथे बसत नाही हे लक्षात येऊन त्यांनी मान खाली घातली.

अनिबालनं कागद घेतला नाही. “आजी,” तो म्हणाला, “ते खोटं होतं ना? उजेडाचं?”

श्रीमती रापोझोंचा हात काचेखालून तसाच पुढे आलेला, त्यात कागद.

दिनानं कोटाचं वरचं बटण लावलं. पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली. आणि ती वळून, लांब बाकावर बसलेल्या माणसांच्या पुढून, दारातून बाहेर पडली.